नॅशनल ज्युनियर अँगस शो : झेंड्यासाठी नको, बाकीच्या स्पर्धांसाठी जरूर जा

अमेरिकेत मुलांसाठी मांसल जातींच्या गुरांची जी प्रदर्शने भरतात, त्यांत नॅशनल ज्युनियर अँगस शोचा मान मोठा आहे. तो भरवणारी अमेरिकन अँगस असोसिएशन १८८३ मध्ये शिकागोत स्थापन झाली. आता तिचे मुख्यालय मिसुरीतल्या सेंट जोसेफला आहे. तिच्या ज्युनियर शाखेची २१ वर्षांपर्यंतची मुले-मुली दर जुलैत आपापली अँगस जातीची काळी, बिनशिंगी जनावरे घेऊन जवळपास आठवडाभर एकत्र राहतात. गाव दरवर्षी बदलते. २०२२ ला कॅन्सस सिटी होते, २०२३ ला नेब्रास्कातले ग्रँड आयलंड, २०२४ ला विस्कॉन्सिनमधले मॅडिसन.

फोर-एच किंवा एफएफए या शेती-पशुपालन शिकवणाऱ्या अमेरिकी मुलांच्या संघटनांमध्ये असलेली मुले ज्या मराठी घरांत आहेत, त्यांना हा शो कितपत उपयोगी आहे, आणि महाराष्ट्रातल्या पशुवैद्यकीय व कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यातून काय उचलता येईल, हे सांगण्यासाठी हे परीक्षण. मत आधीच सांगतो. महागडी कालवड विकत घेऊन रिंगणात विजेत्याचा झेंडा जिंकायचा, एवढाच हेतू असेल तर खर्चाच्या मानाने मुलाच्या पदरात फार काही पडत नाही. पण शोमनशिप (जनावर दाखवण्याचे कसब), टीम फिटिंग (गटाने जनावर सजवणे), जनावरांचे परीक्षण आणि टीम सेल्स (गटाने जनावर विकणे) या चार स्पर्धांची तयारी करून गेलात, तर मूल एका हंगामात जे शिकते ते पुढे कुठल्याही धंद्यात कामी येते.

रिंगणातले वर्ग

मालकीच्या कालवडी हा सर्वांत मोठा आणि सर्वांत गाजणारा वर्ग. यात जनावर कुणाकडूनही विकत घेतलेले चालते, फक्त ठरलेल्या तारखेआधी ते मुलाच्या नावावर नोंदलेले हवे. अडचण अशी की इथे पैशाला वजन आहे. नामांकित कळपातली, लिलावात गाजलेली कालवड आणली की निम्मी लढत शो सुरू होण्याआधीच झालेली असते. परीक्षक प्रामाणिक असतात, ते समोरच्या जनावराची ठेवण पाहून क्रम लावतात. पण ती ठेवण मुलाने घडवलेली नसते.

म्हणून आम्ही नेहमी स्वतःच्या पैदाशीच्या वर्गाकडे बोट दाखवतो. कालवडी, वळू आणि गाय-वासरू जोडी यांसाठी असे वर्ग आहेत, आणि त्यांत जनावराचा पैदासकार म्हणून मुलाचेच नाव नोंदवहीत असावे लागते. याचा अर्थ काय, ते तारखा मांडल्या की कळते. गायीचा गाभणकाळ सरासरी २८३ दिवसांचा. जुलै २०२७ च्या शोसाठी जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात जन्मलेली कालवड हवी असेल, तर गाय मार्च २०२५ च्या अखेरीस भरवलेली हवी. म्हणजे कुठल्या गायीला कुठल्या वळूचे वीर्य वापरायचे हा निर्णय शोच्या सव्वादोन वर्षे आधी घ्यावा लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला इतक्या लांबच्या फळासाठी आज निर्णय घ्यायला लावणारी दुसरी शाळा आमच्या माहितीत नाही.

नंतर सुरू झालेला फिनोटाइप-जिनोटाइप वर्ग या बाबतीत सर्वांत विचारी आहे. त्यात डोळ्यांना दिसणारी ठेवण आणि ईपीडीचे आकडे, दोन्ही धरून क्रम लागतो. ईपीडी म्हणजे त्या जनावराच्या पुढच्या पिढीत इतरांच्या तुलनेत किती फरक अपेक्षित आहे, त्याचा अंदाज. एका वळूचा दूध तोडतानाच्या वजनाचा ईपीडी ७० आणि दुसऱ्याचा ५० असेल, तर सारख्याच गायींवर वापरल्यास पहिल्याची वासरे सरासरी २० पौंडांनी, म्हणजे साधारण ९ किलोंनी, भारी निघतील. ७० हा आकडा काही वासराचे वजन नाही, तो फक्त तुलनेचा आहे. मुले इथेच सर्वांत जास्त चुकतात. आकड्याशेजारी अचूकतेचा आकडाही असतो. कोवळ्या, संतती नसलेल्या वळूचा चमकदार ईपीडी आणि कमी अचूकता हे नाते ज्याला कळले, तो फसत नाही.

स्टीअर, म्हणजे खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांचा वर्ग थोडक्यात उरकतो. त्याची खरी किंमत मांसपरीक्षणात आहे. ६१० किलोंचा तयार गोऱ्हा कापल्यावर साधारण ६३ टक्के, म्हणजे ३८५ किलोंच्या आसपास, धड देतो. त्या धडावर चरबीची जाडी, बरगडीजवळच्या स्नायूचे क्षेत्रफळ आणि स्नायूत मुरलेली चरबी मोजली जाते. मुरलेल्या चरबीवरून मांसाची प्रत, प्राइम, चॉइस की सिलेक्ट, ते ठरते. रिंगणात पहिला आलेला गोऱ्हा इथे मागे पडलेला दिसतो, कधी उलटही होते. स्नायूत मुरलेली चरबी बाहेरून दिसत नाही, हे कारण मुलाच्या डोक्यात पक्के बसते. या गोऱ्ह्यांना औषध दिले असेल तर बाटलीवरचा वर्ज्यकाळ, म्हणजे औषध दिल्यापासून कापेपर्यंत जाऊ द्यायचे दिवस, पाळावा लागतो. औषधाचे नाव, मात्रा, तारीख, टोचल्याची जागा, हे सगळे वहीत लिहायची सवय इथे लागते.

शोमनशिप

यात जनावराला गुण नसतात. मूल ते कसे दाखवते याला असतात. राज्यांच्या ज्युनियर संघटना आपापले प्रतिनिधी निवडून पाठवतात, त्यामुळे इथवर पोचलेली मुले कसलेली असतात आणि फरक बारीकसारीक गोष्टींत पडतो.

पहिली गोष्ट म्होरकी. शोसाठी चामड्याची म्होरकी वापरतात, तिची साखळी हनुवटीखाली येते. नाकावरचा पट्टा डोळ्याच्या खाली इंच-दोन इंच असावा. तो घसरून नाकपुडीवर आला की मऊ कूर्चेवर दाब पडतो, श्वास अडतो आणि जनावर मान झटकायला लागते. रिंगणात "आज हे असं का करतंय" म्हणून गोंधळलेली मुले दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची म्होरकी एक भोक सैल असते.

चालताना मूल जनावराच्या डाव्या बाजूला, कासरा उजव्या हातात, हनुवटीपासून अर्धा ते एक फुटावर, आणि शो स्टिक, म्हणजे टोकाला आकडा असलेली लांब काठी, डाव्या हातात. कासऱ्याचा उरलेला भाग मुठीत घडी करून धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. चारशे-पाचशे किलोंचे जनावर बिथरले तर गुंडाळलेला कासरा बोटे मोडतो. रिंगणात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. एकामागे एक रांगेत पुढच्या जनावरापासून पाच-सहा फूट अंतर ठेवायचे, शेजारी-शेजारी उभे करताना तीन-चार फूट. अंतर कमी झाले की परीक्षकाला जनावर पुरते दिसत नाही, जास्त झाले की रांग तुटते.

थांबल्यावर हात बदलायचे. कासरा डाव्या हातात, काठी उजव्या हातात. आता पाय लावायचे. पाय मागे न्यायचा असेल तर खुराच्या दोन फाकांमधल्या मऊ जागी काठीचे टोक टेकवून हलके दाबायचे. पुढे आणायचा असेल तर खुराच्या मागे असलेल्या छोट्या नख्यांखाली काठीचा आकडा अडकवून ओढायचे. पाय सरकवताना कासऱ्याने मान किंचित त्याच दिशेला न्यायची, म्हणजे त्या पायावरचा भार कमी होतो. भार तसाच ठेवून काठीने कितीही टोचले तरी पाय हलत नाही, आणि मग मूल जोर लावते, जनावर लाथ झाडते. पाठ वाकलेली दिसत असेल तर कंबरेवर काठी हलकेच दाबायची; खाली गेलेली असेल तर पोटाखाली सावकाश खाजवायचे.

काठीचा अतिरेक हा इथला सर्वांत मोठा दोष. जनावर शांत उभे असतानाही पोटाखाली सतत काठी फिरवणारे मूल आपल्याला फार येते असे दाखवू पाहते; अनुभवी परीक्षक ते लगेच ओळखतो. दुसरा दोष म्हणजे परीक्षकाकडे एकटक पाहत राहणे. नजर तिघांत वाटायची असते: परीक्षक, जनावर आणि पुढची रांग. कालवडीने मागचा पाय हळूच उचलून आत घेतला आणि मुलाला ते तीन-चार सेकंदांनी कळले, तर तेवढ्यातच गुण गेले. शेवटच्या फेऱ्यांत परीक्षक जनावरे आपसात बदलायला सांगतो. मग ज्याने फक्त आपल्याच कालवडीची सवय केली तो अडकतो. प्रश्नही विचारतो: हिचे वजन किती, जन्मतारीख काय, बाप कोण, खुराकात प्रथिने किती, हिचा एक दोष सांग. शेवटच्या प्रश्नाला "काही नाही" हे सर्वांत वाईट उत्तर.

हे सगळे घरी होते, तिथे जाऊन होत नाही. म्होरकी लावून रोज अर्धा ते एक तास मान जरा वर राहील असे बांधायचे, गाठ एका झटक्यात सुटणारी हवी आणि सुरुवातीचे दिवस समोरून हलायचे नाही. पळून जाण्याच्या धडपडीत जनावर पडले आणि गळ्याला ताण बसला तर मिनिटांत जीव जातो. मग पाण्यावर नेताना-आणताना चालवायचे. चालण्याच्या शेवटी पाणी मिळते हे कळले की ओढाताण थांबते. दोन-अडीच महिने हे रोज झाले की मग केस वाळवायच्या ब्लोअरचा आवाज, लाउडस्पीकर, अनोळखी माणसाचा हात, यांची सवय करायची.

टीम फिटिंग

चार मुलांचा गट, एक जनावर, ठराविक वेळ. धुऊन वाळवलेल्या जनावराचे केस विंचरून, चिकटद्रव्य मारून, कातरून ते रिंगणात नेण्याजोगे करायचे. बघायला ही स्पर्धा सर्वांत रंगतदार, आणि कामाची वाटणी शिकवण्यात हिला तोड नाही.

केस ओलसर असतील तर चिकटद्रव्य धरत नाही, म्हणून आधी ब्लोअर, तोही कातडीपर्यंत. केस पुढे आणि वर झुकतील अशाच दिशेने हवा मारायची. मग पायांवर: हलका फवारा, लगेच खालून वर कंगवा, सुकू द्यायचे, मग मशिनने आकार. मागच्या पायाचा ढोपरापासून खालचा भाग भरीव आणि सरळ दिसावा हा हेतू, म्हणजे हाड जाड वाटते. फवारा एकदम जास्त मारला की केसांच्या गुठळ्या होतात, त्या विंचरल्या जात नाहीत आणि वरून कातरल्या तर खड्डा पडतो. खड्डा पडला की दुरुस्ती नाही, केस वाढायला आठवडे लागतात. त्यामुळे मशिन फिरवणारे मूल गटात सर्वांत संयमी असावे, सर्वांत वेगवान नव्हे. शेपटीचा मुळाकडचा भाग पाठीच्या रेषेशी सपाट जुळवणे हे शेवटचे काम. घाईत बहुतेक गटांचे तेच राहते.

परीक्षक कामाइतकेच वागणेही पाहतात. एकाच बाजूला तिघे घुटमळतायत का, खोड्याचे फाटक नीट लागले आहे का, विजेची वायर पाण्यातून गेली आहे का. एकमेकांना न ओरडता कामे सरकवणारा गट हात थोडे हळू असले तरी वर येतो, आणि आमच्या मते ते योग्य आहे.

चार जनावरे, चोवीस शक्यता, दोन मिनिटे

पूर्ण शोमधून एकच स्पर्धा निवडायची झाली तर आम्ही जनावरांचे परीक्षण निवडू. यात स्वतःचे जनावर लागत नाही. म्हणजे ज्याच्या घरी गोठा नाही, ज्याचे आईवडील शेतीत नाहीत, त्यालाही दार उघडे आहे.

समोर चार जनावरे उभी करतात, १ ते ४ क्रमांकाची. मुलाने चांगल्यापासून वाइटापर्यंत क्रम लावायचा. चार जनावरांचे २४ क्रम होऊ शकतात. अधिकृत परीक्षक आपला क्रम देतो आणि सोबत तीन फरक देतो, वरची जोडी, मधली जोडी, खालची जोडी; जोडी उलटी लावली तर तेवढे गुण जातात. वर्गाला कमाल ५० गुण.

समजा अधिकृत क्रम २-४-१-३ आणि फरक ३, ५, २. मुलाने ४-२-१-३ लावला तर फक्त वरची जोडी उलटली, ३ गुण गेले, ४७ मिळाले. २-१-४-३ लावला तर मधली जोडी उलटली, ५ गेले, ४५. वरची आणि खालची दोन्ही उलटवली, ४-२-३-१, तर ३ आणि २ मिळून ५ गेले, पुन्हा ४५. आणि पूर्ण उलटा क्रम ३-१-४-२ लावला तर सहाही जोड्या चुकल्या (लागून नसलेल्या जोडीचा फरक म्हणजे मधल्या फरकांची बेरीज): ३, ८, १०, ५, ७, २, एकूण ३५, म्हणून हातात १५. यातून मुलाला जे उमजते ते मोलाचे आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन जनावरांत चूक झाली तर किंमत थोडी, उघड फरक असलेल्या दोघांत चूक झाली तर फार. कुठे वेळ घालवायचा हे त्यामुळे कळते.

मग तोंडी कारणे. परीक्षकासमोर उभे राहून, हातात कागद न घेता, दोन मिनिटांच्या आत आपला क्रम का लावला ते सांगायचे. यालाही ५० गुण. मांडणी ठरलेली: वरची जोडी, मधली जोडी, खालची जोडी, आणि प्रत्येक जोडीत खालच्या क्रमाच्या जनावराचा एखादा गुण मान्य करायचा. "दोन नंबर खोल बरगडीची आहे" हे वर्णन झाले, "दोन नंबर चारपेक्षा खोल बरगडीची आहे आणि मागच्या पायावर जास्त मोकळी चालते, चार नंबर मात्र हिच्यापेक्षा मानेने सडपातळ आणि जास्त मादीसारखी आहे, हे मान्य" हे कारण झाले. नवखी मुले वर्णन करतात, तुलना करत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे पाठ केलेली शब्दावली ओतणे. परीक्षकाने तीच चार जनावरे पाहिलेली असतात. समोर नसलेला गुण बोलला की बाकी सगळे कितीही अस्खलित असो, गुण जातात.

तयारीची पद्धत अशी ठेवावी. वर्गासाठी मिळणाऱ्या वेळातला पहिला एक तृतीयांश भाग वीस-पंचवीस फूट लांब उभे राहायचे, कारण जवळून अवयव दिसतात, जनावर दिसत नाही. मागून, बाजूने, पुढून, मग चालताना. क्रम एकदा लिहिला की बदलायचा नाही, उरलेला वेळ टिपणे काढण्यात घालवायचा: कुठल्याचा रंग वेगळा, कुठल्याच्या कानात कुठला बिल्ला, जेणेकरून दोन तासांनी कारणे देताना डोळ्यांसमोर तीच चार जनावरे उभी राहतील. अँगसमध्ये चारही काळी असल्याने हे विशेष जड जाते.

बाकीच्या स्पर्धा

टीम सेल्समध्ये गटाने समोरच्या परीक्षकाला, तो गिऱ्हाईक आहे असे धरून, जनावरे विकायची. बरेच गट पाठ केलेले भाषण देतात आणि पडतात. चांगला गट आधी विचारतो: तुमच्याकडे किती गायी आहेत, वासरे कधी विकता, पहिल्या वेताच्या कालवडींवर वापरायचा आहे का? उत्तर "कालवडींवर" आले की जन्मवजन कमी आणि सुलभ विण्याचा ईपीडी चांगला असलेला वळू पुढे करतो, आणि मोठा देखणा वळू तुमच्यासाठी नाही असेही सांगतो. एक विक्री सोडून गिऱ्हाईक राखणे, हे शिकवणारी स्पर्धा मुलांच्या प्रदर्शनात असावी याचे आम्हाला फार कौतुक आहे.

क्विझ बोल (गटांची प्रश्नमंजुषा), तयार भाषण, आयत्या वेळचे भाषण, छायाचित्रण, पोस्टर, या ठीक आहेत. छायाचित्रणाचे काम घरूनच करता येते, लाजऱ्या मुलाला सुरुवात म्हणून उत्तम. सर्टिफाइड अँगस बीफ या ब्रँडच्या नावाची पाककृती स्पर्धाही असते, पदार्थासोबत छोटे नाटुकलेही करावे लागते. मजा येते, पण वेळ खूप खाते. पहिल्या वर्षी तीनपेक्षा जास्त स्पर्धांत नाव घालू नये. वेळापत्रकात त्या एकमेकींवर चढतात आणि दावणीला बांधलेल्या जनावराकडे बघायला कुणी उरत नाही.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे. ज्युनियर शाखेचे १२ जणांचे संचालक मंडळ असते. दरवर्षी राज्यांचे प्रतिनिधी मत देऊन सहा नवे निवडतात, आणि मंडळाचा हिरवा कोट मिळालेली मुले पुढची दोन वर्षे शिबिरे, सभा, छोट्यांचे मार्गदर्शन असे खरे काम करतात.

नेहमी कुठे अडते

कागदपत्रांत. कानातला गोंदण क्रमांक आणि नोंदणीपत्रावरचा क्रमांक जुळला नाही तर जनावर रिंगणात जात नाही, रडून उपयोग नसतो. निघण्याच्या महिनाभर आधी कान स्वच्छ पुसून, आतून विजेरीचा प्रकाश टाकून आकडे स्वतः वाचावेत. काळ्या कानात हिरवी शाईसुद्धा पुसट होते. राज्याबाहेर नेण्यासाठी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते, ते साधारण ३० दिवस चालते. फार लवकर काढले तर परतीच्या प्रवासात मुदत संपते.

पाण्यात. शहरी नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो आणि जनावर तोंड लावत नाही. पाणी कमी झाले की चारा कमी, पोट आत जाते, दोन दिवसांत कालवड ओळखू येत नाही. उपाय साधा: घरी आठवडाभर आधीपासून पाण्यात थोडी काकवी घालायची आणि तिथेही तेवढीच घालायची, म्हणजे चव सारखी लागते. उन्हाळ्यात ५०० किलोंच्या जनावराला रोज ६० ते ८० लिटर पाणी धरून चालावे. चारा आणि खुराक घरचाच न्यावा, वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरड्या वजनाने, म्हणजे दिवसाला १० ते १२ किलो. तिथे मिळणारे नवे गवत एकदम दिले की शेण पातळ होते, आणि नवे धान्य एकदम वाढवले तर पोटात आम्लता होऊन जनावर बसते.

उन्हात. अँगस काळी आणि जुलै महिना. ओक्लाहोमातल्या तुल्सासारख्या ठिकाणी पारा ३५ अंशांच्या आसपास असतो, त्यात दमटपणा. पंखे प्रत्येक जनावराच्या डोक्याकडे हवेत. श्वास मिनिटाला ८० च्या वर गेला की ताण सुरू झाला. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकू लागले तर लगेच पशुवैद्यक, आणि तोवर पाय व पोट भरपूर पाण्याने भिजवायचे. पाठीवर बारीक तुषार मारू नयेत, ते वरच्या केसांवर बसून दमटपणा वाढवतात. रात्री बाहेर मोकळ्यात बांधून पहाटे आत आणायचे, हा तिथला रिवाज त्यासाठीच आहे.

तक्रारी

दोन आहेत आणि त्या गंभीर आहेत. पहिली, भाड्याचे हात. पैसे घेऊन जनावर सजवणारे कसबी लोक अशा मोठ्या प्रदर्शनांत वावरतात, आणि काही घरांत मूल शेवटच्या दहा मिनिटांत कासरा हातात घेते. नियम काहीही म्हणोत, आईवडिलांनीच हे नाकारायला हवे. मुलाने स्वतः कातरलेले वाकडेतिकडे पाय रिंगणात दिसले तर त्यात कमीपणा काही नाही. दुसरी, खर्च. प्रवेश फी हा त्यातला लहान भाग. ट्रेलर, डिझेल, आठवड्याचे हॉटेल, पेंढा, पंखे, हे सगळे मिळून मध्यम शेतकऱ्याला जड जाते. एक-दोनच जनावरे असतील तर ट्रेलर शेजाऱ्यासोबत वाटून घ्यावा, आणि गुरे न नेता फक्त परीक्षण, भाषण, क्विझसाठी जाण्याचा पर्यायही आहे, तो फार जण वापरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी १९८० मध्ये सुरू झालेली अँगस फाउंडेशन आहे. अर्जात झेंड्यांपेक्षा केलेल्या कामाची नोंदवही उपयोगी पडते, म्हणून वही पहिल्या वर्षापासून ठेवावी.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मांसपरीक्षण किंवा पाककृती इकडे येण्याचा प्रश्नच नाही. पण पुसेगाव किंवा खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडांची निवड होते, तिथे शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी चार खोंड उभे करून क्रम आणि दोन मिनिटांची तोंडी कारणे ही स्पर्धा एका सकाळीत घेता येईल. चार जनावरे, एक जाणता परीक्षक, गुणांचा तक्ता, याशिवाय काही लागत नाही. शिंगांची ठेवण, खुरांचा घट्टपणा, वशिंड, चाल, यांवर बोलणारी जाणती माणसे त्या भागात आहेत. त्यांचे ते ज्ञान मुलांच्या तोंडून, कारणासकट बाहेर यायला अशी स्पर्धा हवी.

शेवटी परतीचे. रिंगणातून आल्यावर त्याच दिवशी तेल असलेल्या रिमूव्हरने चिकटद्रव्य सैल करून, साबणाने धुऊन, पूर्ण वाळवावे. तसेच ठेवले तर केस मुळापाशी तुटतात, कातडीला खाज सुटते आणि पुढच्या शोला पायावर केसच नसतात. घरी आल्यावर ते जनावर दोन ते तीन आठवडे कळपापासून वेगळे बांधावे, पाण्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवावा, रोज ताप, खोकला, नाकातला स्राव आणि गजकर्णाचे गोल चट्टे बघावेत. हजारेक गुरे एका छपराखाली आठवडाभर राहिली की गजकर्ण आणि सर्दी-खोकला सोबत येतोच, आणि घरच्या लहान वासरांना तो सर्वांत आधी धरतो.